भर दुपारचा दिवा

शिळफाटा, ता. खालापूर
१२ फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप आबामामांच्या पायांवर वाल्मिकचं डोकं.

मामा, दिवाळीपासून पत्र नाही म्हणून रागावला असाल. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. जे होतं ते तुम्हाला लिहावंसं वाटत नव्हतं.

माझा कोळशाचा धंदा बसला. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारींच्या पाठीला कोळसा जाळून गॅस करणाऱ्या टाक्या बसल्या, आणि त्या टाक्यांत घालायला आमच्या डोंगरातला कोळसा लागायचा. आपला सदू मोटारवाला रोज माणूस पाठवायचा, "वाल्मिक, आजून दे, आजून दे." त्यानं उचल दिली, त्या उचलीवर मी गेल्या साली जंगलाचा मोठा लिलाव घेतला. पळसदरीच्या वरच्या वाडीतला पोशा आणि त्याची माणसं भट्ट्या लावून बसली. आणि लढाई संपली. सदूनं टाक्या काढून भंगारात घातल्या. कोळसा माझ्या आवारात डोंगरासारखा पडून आहे. घरोघरच्या शेगड्यांना लागून लागून किती लागणार?

सदूनं उचल परत मागितली. माझ्याकडे कुठली असणार! त्यानं दावा लावला, हुकूमनामा मिळवला, आणि आता मला पकडून दिवाणी कैदेत टाकायची दरखास्त दिली आहे. इतरही देणी आहेत. टिपणीस वकील म्हणतात, कोर्टात नादारीचा अर्ज कर, दिवाळखोर म्हणून जाहीर हो, दुसरा रस्ता नाही.

इंदूला अजून सांगितलेलं नाही. मामा, आपल्या घरात आजवर कुणी दिवाळखोर झालं होतं का? हे करणं पाप आहे का? तुम्ही सांगाल तसं करीन.

आपला,
वाल्मिक

*

कशेळे, ता. कर्जत
२१ फेब्रुवारी १९४६

चि. वाल्मिक यास आबामामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र टपालवाल्यानं आणलं तेव्हा मी ओटीवर बसून शाळेकडे बघत होतो. पोरं कविता म्हणत होती. हल्ली चाल बिघडली आहे बाबा, घाईनं म्हणतात, जणू मागं कुत्रं लागलंय. मी शिकवत होतो तेव्हा, तुमच्या वेळी, तसं नव्हतं. इन्स्पेक्टर आले होते त्या दिवशी तू आणि सदूनं दोघांनी मिळून दिव्यावरची कविता म्हटली होती, आठवतं? शेवटच्या कडव्यावर सदू अडखळला, आणि तू ओठ न हलवता त्याला पुढचा शब्द दिलास. इन्स्पेक्टरांना कळलं नाही. मला कळलं. ज्याला तू शब्द दिलास तो तुला तुरुंगात घालेल हे मला पटत नाही. मी त्याला लिहितो.

आता पापाचं. देणं असणं पाप नाही, तोंड लपवणं पाप. माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. कर्जतच्या पेठेत गोमाशेट म्हणून तांदळाचा व्यापारी होता. त्याचं दिवाळं निघालं. तेव्हा कुठलं कोर्ट आणि कुठला अर्ज! जुन्या व्यापाऱ्यांची रीत होती: देणं झेपेनासं झालं की भर दुपारी दुकानाच्या उंबऱ्यावर समई पेटवून ठेवायची. दिवसा दिवा दिसला की लोक समजत. मी वडिलांचं बोट धरून उभा होतो. डोक्यावर ऊन, आणि त्या उन्हात ती ज्योत सोन्याच्या पानासारखी लखलखत होती. लोक येत होते, हात जोडत होते, जे मिळेल ते घेऊन शांतपणे जात होते. कुणी शिवी दिली नाही. इतकी सुंदर गोष्ट मी पुन्हा पाहिली नाही.

अर्ज कर, हरकत नाही. पण आधी दिवा लाव. जगासमोर सांग आणि मोकळा हो.

सोनाआक्का विचारते, वाल्या जेवतो का नीट?

तुझा,
आबामामा

*

शिळफाटा
१० मार्च १९४६

तीर्थरूप आबामामांस वाल्मिकचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र सदूला पोचलं. तो आवारात येऊन म्हणाला, "मास्तरांनी लिवलंय. वाचून डोळ्यांत पानी आलं. पन वाल्मिक, पान्यावर मोटार चालत नाय रं." आणि गेला. दरखास्त तशीच आहे.

इंदूला सांगितलं. ती रडली नाही. "भांडी ठेवतात का?" एवढंच विचारलं.

वकिलांकडे जाऊन मी सगळं नीट समजून घेतलं. तुम्हालाही कळावं म्हणून लिहितो. ज्याचं देणं फिटण्यापलीकडं गेलं, त्यानं कोर्टाला अर्ज द्यायचा. कुणाकुणाचं देणं आणि आपल्याकडे काय काय आहे ते शपथेवर लिहायचं. अर्ज मंजूर झाला की आपलं जे असेल ते कोर्टाचं. कोर्ट एक रिसीव्हर नेमतं, तो सगळं विकतो आणि ज्याचं जेवढं येणं त्या मानानं सर्वांना वाटतो. मग एकट्या सदूला मला धरता येत नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण, रांधायची भांडी, कारागिराची हत्यारं आणि बायकोच्या गळ्यातलं मंगळसूत्र, याला कुणी हात लावत नाही. पुढं माझी वागणूक बघून कोर्ट मुक्तता देतं. मुक्तता मिळाली की जुनं देणं संपलं, माणूस पुन्हा उभा राहू शकतो. मामा, मला तेवढंच हवंय. पुन्हा उभं राहायला मिळावं.

वकिलांनी दोन गोष्टी बजावल्या. काही लपवायचं नाही, आणि अर्जाच्या आधी एका घेणेकऱ्याला झुकतं माप द्यायचं नाही. द्यायचं ते कोर्टाच्या हातून.

मी विचारलं, "वाडीवरच्यांचं काय? पोशाची दोन हंगामांची मजुरी राहिलीय." ते म्हणाले, "मजुरांना थोडी मजुरी आधी मिळते. पण त्यांनी अलिबागच्या कोर्टात येऊन आपलं येणं शाबीत करायला हवं." पोशा पळसदरी टेसनाच्या पलीकडे कधी गेलेला नाही. त्याच्याकडे कागद नाही, माझ्या तोंडचा शब्द आहे. काय शाबीत करणार?

आपला,
वाल्मिक

*

कशेळे
१७ मार्च १९४६

चि. वाल्मिक यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वकिलाचं म्हणणं दोनदा वाचलं. हुशार माणूस दिसतो. पण त्याच्या कायद्यात सगळे घेणेकरी सारखे, आणि आपल्या क्रमिक पुस्तकात तसं कुठं होतं रे? मोटारी असलेला सदू आणि काजळी खाऊन खोकणारा पोशा एकाच तागडीत? मी तुला असं शिकवलं नाही.

लपवू नको, हे वकिलाचं बरोबर. मग लपवतो कोण? भर दुपारी, चार गावच्या लोकांसमोर, दिवा लावून दिलेली वस्तू लपवलेली कशी होईल? चोरी अंधारात होते. उजेडात होतो तो धर्म.

मला त्या दिवशी बोलाव. गुडघा चालत नाही, पण बैलगाडी मिळाली तर येईन म्हणतो.

आबामामा

*

शिळफाटा
९ एप्रिल १९४६

तीर्थरूप आबामामांस नमस्कार.

तुमच्या गुडघ्यामुळं तुम्हाला बोलावलं नाही, पण तुम्ही असायला हवं होतं.

परवा दुपारी लावला दिवा. देवघरातली समई आवाराच्या दारात ठेवली. इंदू म्हणाली, "काय करताय ह्ये? लोक हसतील." हसलेच. शेजारचा हॉटेलवाला ओरडला, "काय रं वाल्मिक, दिवाळी चैतात आनली का?" दुसरा म्हणाला, "तेल मिळंना, आन् हा उनाला उजेड दाकवतो!" पण दोनचार म्हातारे होते, त्यांनी समई बघितली मात्र, डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मग हसणं थांबलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्याच्यानं आता देणं होत नाही, मी कोर्टात चाललो आहे.

वाडीवरून पोशा, त्याची बायको जिजा आणि बाकीचे आले होते. त्यांना बैलांची जोडी आणि गाडी दिली, कोठीतला तांदूळ दिला. पोशा कासऱ्याला हात लावीना. म्हणाला, "शेट, ह्ये आमचं? मागारी कोनी मागंल तं?" मी म्हटलं, "हा दिवा साक्षी आहे. कोणी मागणार नाही." जिजानं समईला वाकून हात लावला, तोच हात शिंगमोड्या बैलाच्या कपाळाला लावला, मग निघाले.

मामा, किती दिवसांनी मला गाढ झोप लागली.

काल अर्ज दिला. आहे ते सगळं लिहिलं. बैल आणि गाडी लिहिली नाहीत, कारण ती आता माझी नाहीत. दिलेली वस्तू माझी म्हणून कशी लिहू? ती खोटी शपथ झाली असती. दिव्याचं वकिलांना सांगितलं नाही. त्यांना असल्या जुन्या रीती पोरकट वाटतात.

आपला,
वाल्मिक

*

कशेळे
२ डिसेंबर १९४६

चि. वाल्मिक यास आशीर्वाद.

अलिबागहून काल परतलो. कोर्टात आपल्याला बोलता आलं नाही म्हणून लिहितो. जीव अजून हवेत आहे.

सदूनं तुझ्या अर्जाला हरकत घेतली, बैल लपवले म्हणाला, हे कळलं तेव्हाच ठरवलं की साक्षीला मी जाणार. खोपोलीहून पेणपर्यंत मोटार सदूचीच. मला वाटलं, तोंड फिरवील. पण तो पाया पडला, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "मास्तर, कोर्टात तुमाला जे ठाव हाय ते खुशाल सांगा." मी म्हटलंच होतं, मूळचा वाईट नाही. कविता अजून येते का विचारलं, तर हसला आणि म्हणाला, "शेवटचं कडवं अजून येत नाय."

कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलो आणि भीती पळाली. पुढं वर्ग बसलेला असावा तसं वाटलं. सदूचा वकील तरुण, फार अदबशीर. त्यानं विचारलं, "मास्तर, दिवसा दिवा लावायच्या रीतीचा अर्थ काय?" मी अगदी सावकाश, समजावून सांगितलं. गोमाशेटची गोष्टही सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे दिवा लावणारा माणूस असं जाहीर करतो, की माझं दिवाळं निघालं आहे?" मी म्हटलं, "अर्थात!" "आणि वाल्मिकना हे त्या दिवशी पक्कं ठाऊक होतं?" मी म्हटलं, "मीच शिकवलं त्याला, ठाऊक नसेल कसं?" "आणि हे ठाऊक असूनच त्यांनी बैल दिले?" "सर्वांसमोर दिले," मी म्हटलं, "लपूनछपून नाही." तो वाकून म्हणाला, "आभारी आहे. आणखी काही विचारायचं नाही."

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. टिपणीस वकिलांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटतं, तेही भारावले असावेत. तू मान खाली घालून बसला होतास. वर बघायला हवं होतंस, बाळ. सत्य बोलल्यावर कोर्टसुद्धा कसं शांत होतं ते दिसलं असतं.

निकाल काय लागला ते ताबडतोब कळव.

आबामामा

*

शिळफाटा
१४ मार्च १९४७

आबामामांस इंदूचा नमस्कार.

मी कधी पत्र लिवलं नाय. मोडकं लिवते. त्यांनी लिवायचं नाय म्हणून सांगितलं व्हतं, तुमाला वाईट वाटंल म्हणून. पन आता ते घरात नायत, आनि कोनीतरी सांगायला पायजे.

कोर्टानं तुमची साक्षच धरली. दिवाळं निघालंय ह्ये म्हायीत असताना एकाला दिलं, बाकीच्यांना बुडवलं. वर कागदात लिवलं नाय. वकील घरी येऊन म्हनाले, "वहिनी, हा काळोखात देता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. यानं समई लावून दिलं. याहून पक्का पुरावा मी जन्मात पाहिला नाही."

शपथेवर लपवलं म्हणून ह्यांना सहा महिने कैद झाली. सदूच्या दिवानी कैदेत त्याच्याकडून जेवनाचा भत्ता तरी मिळाला असता, ह्यात दगड फोडायचेत. वकील म्हनतात, मुक्तता आता लौकर व्हत नाय. सुटून आले तरी दिवाळखोरच ऱ्हातील, नवं काय घेता यायचं नाय. ते एकच बोलत व्हते ना, पुन्हा हुभं ऱ्हायचंय. ते गेलं.

मागल्या महिन्यात बेलिफ पोलीस घेऊन वाडीवर गेला, बैलजोडी आन् गाडी मागारी न्यायला. शिंगमोड्याला वाघानं थंडीतच नेला व्हता. एकच बैल सापडला. तर रिसीव्हरनं सांगितलं, मेलेल्याची किंमत भर, खाल्लेल्या तांदळाची भर. पोशा मधी आडवा झाला तर त्याला धरून दोन दिस बसवून ठेवला. मी वाडीवर गेले, जिजाचे पाय धरले. तिनं मला उठवलं आन् बोलली, "शेटीन, दिवा साक्षी हाय बोलला व्हता ना शेट? मंग तो दिवा कोर्टात काय खोटा बोलला?" तुमाला सांगता येतं का?

पोशानं वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतलीय, सगळं घर भट्टीवर जानार. कधी फिटंल ती उचल, द्येवालाच ठाव.

वकील बोलले तसं माझं समदं ठेवलं. भांडी ठेवली. अंथरून ठेवलं. मंगळसूत्र ठेवलं. समई नेली, ती रांधायच्या भांड्यात धरत नायत.

मामा, रागावू नका. तुमी सांगितला, त्यांनी लावला. तुमाला दोघांना कविता येतात. मला नुसतं रांधता येतं, पन दुपारचा दिवा लावला की तेल जातं, एवढं मला कळत व्हतं.

इंदू

*

कशेळे
२ एप्रिल १९४७

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

तुझं पत्र आक्काला वाचून दाखवलं. तिनं निवडायचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "आबा, तो गोमाशेट तुला नीट आठवतो का रं?" मी म्हटलं, कालच्यासारखा. ती म्हणाली, "तू पाच वर्साचा व्हतास, बाबांच्या खांद्यावर झोपला व्हतास. मी जागी व्हते. दिवा लावला तेवा गोमाशेट दुकानात नव्हताच. लोक दिव्याकडं बघत बसले, आन् तो मागल्या दारानं माल घेऊन नेरळला गाडीत बसला. आपले बाबा रडत घरी आले. तांदूळ त्यांचापन व्हता."

मी म्हटलं, आक्का, इतकी वर्षं का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तू इतकं ग्वाड सांगायचास. पोरं ऐकत बसायची."

दुसऱ्या दिवशी पेन्शनीतलं शिल्लक होतं ते कनवटीला बांधलं आणि बैलगाडीनं निघालो. म्हटलं, बैलाची किंमत भरावी, पोशाला मुकादमाकडून सोडवावं. कर्जतला गाडीची वाट बघण्यात सकाळ गेली. पळसदरीला उतरून वाडी चढायला लागलो. गुडघ्यानं जागोजागी बसवलं. वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून थोडं कललं होतं.

पोशाचं खोपटं बंद होतं. सामान नव्हतं. शेजारच्या खोपटातली सोमी म्हातारी बाहेर आली. म्हणाली, "गेली सगली. मुकादमाचा टरक खाली आला व्हता. आत्ताच गेली, बाबा. तू वाटंनं आलास तं दिसली नायत?"

मी वाट सोडून आत एका आंब्याखाली बसलो होतो तेव्हा खालून ट्रकचा आवाज आला होता. तेव्हा मी, इंदू, त्या कवितेचं शेवटचं कडवं आठवत होतो. चाल आठवली. शब्द नाही आले.

मी उंबऱ्यावर टेकायला गेलो तर सोमी ओरडली, "तिथं बसू नुको!" उंबऱ्यावर मातीची पणती होती. मोहाचं तेल, फडक्याची वात. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "जिजानं लावली जाताना. मोठी मानसं करत्यात तशी. शेटनं केलती तशी. बोलली, आमच्यावर कोडताचं देनं हाय, फिटत नाय, आमी जातो, पन लपून जात नाय. कोनी इचारलं तं सांग."

कुणी विचारायला आलं नव्हतं. मीच पहिला.

वाल्मिकला यातलं काही लिहू नकोस. सुटला की मी सांगेन. पैसे तसेच कनवटीला आहेत, ते या पत्रासोबत टपालवाल्याच्या हाती तुझ्याकडे पाठवतो आहे. भांड्यात घालायला होतील.

एक तुला सांगतो, कारण तुला खोटं गोड लागत नाही. उन्हात ज्योत दिसत नव्हती. सोन्याचं पान नाही, काही नाही. मला वाटलं, विझली. म्हणून पणती उचलून ठेवायला हात पुढं केला, तर बोटं पोळली.

हे पत्र डाव्या हातानं लिहिलं आहे.

आबाजी